सारखं काय, वेगळं काय

जगातल्या कुठल्याही दोन वस्तू शेजारी शेजारी दिसल्या की माझ्या थोरल्या नणंदेचा पाय तिथून निघत नाही. थळच्या कोळीवाड्यात त्या वीसेक वर्षं बालवाडी चालवतात. तक्त्यावरचं सफरचंद आणि संत्रं त्यांना मान्य नाही, कारण तक्त्याला वास येत नाही. म्हणून सकाळी किनाऱ्यावरून एक पापलेट आणि एक बांगडा उचलून त्या स्टीलच्या ताटात ठेवतात आणि विचारतात, "सारखा काय, न् वेगला काय?" पोरं डोळे मोजतात, कल्ले उघडतात, शेपट्या ओढतात. दोघंही मेलेत, हे सारखेपण शोधणाऱ्या पोरीचं कौतुक त्या वर्षभर करत होत्या. शाळा सुटली की दोन्ही नमुने आमच्या कालवणात जातात.

ही खोड बालवाडीत थांबली असती तर ठीक होतं. माझ्या लग्नात त्यांनी भरमांडवात मला जावेशेजारी उभं केलं. आता रंगावर घसरणार म्हणून मी धास्तावले, तर नाकं सारखी आहेत आणि धाकटी जास्त घाबरलीय, एवढं सांगून त्या जेवायला गेल्या. कारण त्यांचा एक कडक नियम आहे : चांगलं कुठलं, हे विचारायचं नाही. एका पोराने पापलेटच भारी म्हटलं, तर त्याला त्यांनी बांगड्याची माफी मागायला लावली.

अशा बाईच्या बालवाडीतल्या दहा पोरांतली एक, माझी चार वर्षांची लेक, मी या जूनमध्ये काढून अलिबागच्या इंग्रजी शाळेत घातली. सांगायची हिंमत मला झाली नाही, ह्यांनी सांगितलं. रोज भाचीला हाताला धरून घरी पोचवणाऱ्या ताई त्यानंतर पंधरा दिवस फिरकल्याच नाहीत. त्या आता कधीच येणार नाहीत, या विचाराने मला जेवण जाईना.

मग एका रविवारी त्या पिशवी घेऊन आल्या. लेकीला मांडीवर घेतलं आणि पहिलाच प्रश्न टाकला : तिकडच्या टीचर न् मी, सारखा काय?

"दोघी हात धुवायला लावता," लेक म्हणाली.

"न् वेगला?"

तिने बराच विचार केला. "टीचर गेटपरेंत येते. तू घरापरेंत यायचीस."

एका उत्तरावर कधीच न थांबणाऱ्या ताई तिची सुटलेली वेणी घालू लागल्या. मला ते बघवेना. मी भलतंच बोलून गेले, "मग चांगलं कोण गं?"

लेकीने तोंड उघडलं, तोच ताईंनी तिच्या ओठांवर हात ठेवला. "ह्या आपल्यात इचारायचा न्हाय," त्या मला म्हणाल्या आणि पिशवीतलं पापलेट माझ्या हातात दिलं.

उत्तर मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. ते त्यांनी मला ऐकू दिलं नाही. मी पापलेट घेऊन मोरीत गेले आणि पाणी सोडून बराच वेळ तिथेच उभी राहिले.