माल्याच्या शाळेतला सोन्याचा दात

भूत, भानामती, करणी — यांतलं काहीही मी मानत नाही. मी मुळात माझ्या स्वतःच्या गोष्टींवरसुद्धा अर्धाच विश्वास ठेवतो. ताम्हिणीच्या पावसात मी जीप पोहवत आणली हा माझा किस्सा आमच्या हॉस्पिटलात प्रसिद्ध आहे. (पोहवली नव्हती. ढकलली होती. पण चिखल मात्र छातीपर्यंत... बरं, गुडघ्यापर्यंत.) तेव्हा हे वाचून कुणी हसलं तर माझी हरकत नाही. फक्त डॉ. शैलाला विचारा. ती साक्षीदार आहे, आणि ती आयुष्यात कधी खोटं बोललेली नाही. त्यामुळे तिच्याबरोबर जेवायला बसणं फार कंटाळवाणं असतं.

ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं. शैला आणि मी पुण्यात कॅन्सर सर्जरीची फेलोशिप करत होतो. आमचे सर म्हणजे डोंगर. हसत नसत. मी सांगतो, दोन वर्षांत त्या माणसाचे दात कुणी पाहिले नव्हते! त्यांचा नियम असा — पेशंट आधी फेलोने तपासायचा, काय दिसलं ते मोठ्याने सांगायचं, मग सर बघणार. आणि अधूनमधून ते रांगेत आपलाच एखादा जुना पेशंट गुपचूप बसवत, आम्ही पकडतो का हे पाहायला. एकदा तर वॉर्डबॉयचा सासरा धोतर नेसवून आणला होता. त्यामुळे आम्हाला प्रत्येक पेशंटचा संशय यायचा.

माझी तर मानगूट आधीच सरांच्या हातात होती. मी एक गाठ नारळाएवढी आहे म्हणून सांगितली, ऑपरेशनला ती निघाली चिकूएवढी. माझ्या तिखटमिठामुळे सर मला बखरकार म्हणत. ते म्हणाले, "बखरकार, चुकलात तर शिकवीन. वाढवून सांगितलंत तर बॅग भरायची. तुम्ही वाढवलेल्या एका सेंटीमीटरपायी कुणाचा तरी जबडा जाईल." त्या दिवसापासून मी शेवटच्या संधीवर होतो.

पौडच्या पुढे, मुळशीच्या रस्त्यावर माले गाव आहे. तिथल्या शाळेच्या व्हरांड्यात आमचा तोंडाच्या कॅन्सरचा कॅम्प होता. भातकापणी झालेली, ऊन स्वच्छ. बायका मिश्री लावायच्या — भाजलेली तंबाखू बोटाने दातांवर घासायची — त्यामुळे रांग लांबलचक, आणि तोंडं सगळी काळी.

हौसाबाई नावाची पन्नाशीची बाई माझ्या स्टुलावर बसली. तोंड उघडलं. मी टॉर्च मारला, आणि माझ्या हातातली लाकडी पट्टी थांबली.

डाव्या गालाच्या आतून, अगदी मागे, पावलीएवढी, म्हणजे चार आण्याच्या नाण्याएवढी, जखम. कडा उचललेल्या. बोट लावलं तर कडक. आणि तिला खेटून खालची शेवटची दाढ — तिच्यावर सोन्याची टोपी!

मनात म्हटलं, सापडला सर तुमचा डाव. माल्याच्या बाईला सोन्याची दाढ कुठून? हा पुण्याहून आणलेला पेशंट. मी छाती फुगवून सगळं मोठ्याने सांगितलं. जागा, आकार, कडा, सोनं.

सर आले, वाकले, बराच वेळ बघत राहिले.

"शैला, तू बघ."

शैलाने बघितलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "काही नाही, सर. मिश्रीचे डाग आहेत."

मी पुन्हा पाहिलं. गाल साफ! दाढ तिची स्वतःची, काळी कुळकुळीत.

"सोन्याचा दात?" हौसाबाई पदराने तोंड पुसत म्हणाली. "आवो डागदर, आसता तर आमच्या मालकानं कवाच उपटून इकला आसता!"

सगळी रांग हसली. सर हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "उद्या सकाळी माझ्या खोलीत. बॅग भरून."

परतताना जीप पौडला चहाला थांबली. माझं डोकं भणभणत होतं. बाई बदलली? जुळी बहीण? मी शैलाला बाजूला घेतलं.

"तुला आणि सरांना मला घालवायचंय. खरं सांग."

"वेडा आहेस का? ती उठलीच नाही स्टुलावरून. सगळ्या गावादेखत कोण बदलणार?"

"मग माझ्या बोटाला कडक काय लागलं?"

"तुझं डोकं असेल!"

मी उत्तर देणार तेवढ्यात सरांकडे लक्ष गेलं. चहा गार करून पीत होते, मान उजवीकडे कलती करून. बिस्कीट चहात बुडवून मऊ केलं, तेही उजव्याच बाजूने चघळलं. मग ड्रायव्हरवर ओरडायला त्यांनी तोंड मोठं उघडलं, ऊन आत गेलं, आणि मागे काहीतरी पिवळं चमकलं.

मी सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. तसाही उद्या मी नसणारच होतो.

"सर, तोंड उघडा."

"काय म्हणालास?"

"खालची, डावी, शेवटची दाढ. सोन्याची टोपी आहे. तिच्या शेजारी गालात जखम आहे, पावलीएवढी. मी बघत नाही. शैला बघेल."

सरांचा चेहरा उतरला. "कुणी सांगितलं तुला? माझ्या डेंटिस्टनं?"

"तुमचा डेंटिस्ट कोण हेही मला माहीत नाही, सर."

टपरीवाला किटली धरून तसाच उभा. सरांनी शेवटी कप खाली ठेवला, बाकावर बसले आणि तोंड उघडलं. शैलाने टॉर्च मारला. बोट आत घालून गाल चाचपला.

"डावा गाल, मागे," ती म्हणाली. "कडा उचललेल्या, कडक. पावलीएवढी." मग माझ्याकडे वळून, "अगदी पावलीएवढीच रे."

सर समजून होते की टोपीची कड घासते. तपासणीत कॅन्सर निघाला, पण लवकरचा. ऑपरेशन झालं. जबडा वाचला.

पुढच्या कॅम्पला मी हौसाबाईला गाठलं. अंगणात भात झोडत होती. तोंड पुन्हा तपासलं, साफ. म्हटलं, "मावशी, त्या दिवशी तुम्हाला काही जाणवलं होतं का?"

तिने हातातली पेंढी खाली ठेवली. "तुमी बोट लावलं न्हवं, तवा मलाबी आत कायतरी कडक लागलं. त्वांड माझंच, पर परक्याचं वाटलं. मंग गेलं." आणि पेंढी उचलून, "लई इचार करू नगा. सरा बाजूला, आंगावर भाताची कुसळं उडत्याल."

मी खूप शोध घेतला. सर कधी तिच्या शेजारी बसले नव्हते, कधी माल्यात एकटे गेले नव्हते. शैला म्हणते मी सरांची टोपी आधी कधीतरी पाहिली असेन. मान्य, टोपी पाहिली असेन. पण जखम? ती गालाच्या आत, आणि आकारासकट?

सर मात्र शेवटपर्यंत माझ्यावर संशय घेत राहिले, आणि मी त्यांच्यावर. त्यांना वाटे, डेंटिस्ट फितूर. मला वाटे, त्यांना आधीच कळलं होतं, सांगायची भीती होती, म्हणून काहीतरी डाव रचला. पण दुसऱ्याच्या तोंडात आपली जखम ठेवायचा डाव कुणी कसा रचेल?

माझी बॅग मी परत उघडली. फेलोशिप पूर्ण झाली. दर तपासणीला सर शैलाकडे न जाता माझ्याच स्टुलावर येऊन बसायचे.

"बघा, बखरकार. आहे तेवढंच सांगा."

मी टॉर्च मारायचो. बोटाने सगळा गाल चाचपायचो.

"काही नाही, सर."

"नक्की?"

"नक्की."

एवढीच काय ती गोष्ट आहे, जी मला अजून वाढवून सांगता आलेली नाही.