थांब्याला चिकटून उभी राहणारी बस

लहानपणी पोलिओ झाला तेव्हापासून मी चाकांच्या खुर्चीत आहे. शिवाजी पेठेत राहते, शहराबाहेर गडमुडशिंगीच्या शाळेत शिकवते. बसनं जायचं म्हणजे कंडक्टर ओरडणार, "ताईंना उचला की जरा!" आणि अनोळखी माणसं मला खुर्चीसकट वर घेणार. माणसं मायेनंच करायची, पण मला अंग चोरून घ्यावंसं वाटायचं. म्हणून मी रिक्षाच धरायची.

गेल्या वर्षी शहर बसच्या डेपोतून बोलावणं आलं. थांबा आला की स्टेअरिंग स्वतःच फिरवणाऱ्या बसची तिथं चाचणी चालली होती, आणि चाकांच्या खुर्चीतून चढून बघणारं कुणीतरी त्यांना हवं होतं. पुढचा कॅमेरा रस्त्यावरची पांढरी पट्टी बघतो आणि त्यावरून बस आपोआप थांब्याच्या कट्ट्याला लागते. कट्टा आणि बसची फरशी एका पातळीत. हे सगळं बघणारी इंजिनिअर तिशीतली मुलगी होती.

"मध्ये फट राहते का, तुम्हीच सांगा," ती म्हणाली.

बस आली. ड्रायव्हरकाकांनी दोन्ही हात वर केले. "बघा ताई, हात मोकळं हायती!"

स्टेअरिंग आपोआप वळलं, बस थांबली. फट चार बोटांची होती.

"माझी पुढची चाकं अडकतील," मी म्हटलं.

तिचे सहकारी म्हणाले, एवढी फट चालते. तिनं वाद घातला नाही. "ताई, खुर्ची देता थोडा वेळ?" मी बाकावर सरकले. ती खुर्चीत बसली आणि चाकं ढकलत निघाली. पुढची चाकं फटीत गेली. ती तोंडावर आपटणार तोच दारात आलेल्या ड्रायव्हरकाकांनी धरलं.

"नाही चालत," धाप टाकत ती म्हणाली.

मग दुपारभर उन्हात बस जात राहिली, येत राहिली. ती लॅपटॉपवर काही बदलायची, कट्ट्याशी वाकून बघायची, पुन्हा हात करायची. मळलेली पट्टीही तिनं पुसून घेतली. काका एकदाही कुरकुरले नाहीत. "व्हय व्हय, आणि एकदा," म्हणत बस वळवायचे.

शेवटी बस अशी लागली की फटीत माझं बोटही जाईना. मी चाकं ढकलली आणि आत गेले. कुणाचाही हात लागला नाही.

"जमलं की वो!" काका ओरडले.

आम्ही डेपोला एक चक्कर मारली. ती शेजारी दांडीला धरून उभी होती. "आणखी काय कमी वाटतं?" तिनं विचारलं. घंटीचं बटण फार उंच आहे, मी म्हटलं. तिनं तिथल्या तिथं माझ्या हाताच्या उंचीवर खडूनं खूण केली.

ती बस अजून रस्त्यावर आलेली नाही, चाचण्या चालूच आहेत. बोलावलं की मी शाळेला रजा टाकून जाते.