पाचवा माईक

दक्षिण चीनमधल्या आमच्या एनपिंगमध्ये माईकच्या कारखान्यात कुणीच कामाला नाही असं घर सापडायचं नाही. लेउंगशेठच्या कारखान्यातला माईक एकच. तेच पोट, तीच जाळी, नावं मात्र पाच. सोनेरी खोक्यातला स्टुडिओवाल्यांचा, साध्या पिशवीतला देवळातल्या भजनाचा. कुठला कुठे जाणार हे ठरवायचा हौताईचा कान. अठरा वर्षं ती त्याच खुर्चीवर होती.

प्रत्येक माईकमध्ये ती एकच वाक्य म्हणायची, "जेवलीस का?" आवाज स्वच्छ आला तर बुडाशी लाल ठिपका, मग मी सोनेरी नाव चिकटवायची. मागे सूं सूं ऐकू आली तर पिशवी.

"ताई, हजारदा विचारतेस, एक तरी माईक उत्तर देतो का गं?"

"नवरा तरी कुठे देतो? याच्याकडे निदान जाळी तरी आहे."

दोन वर्षांपूर्वी तिला ती सूं सूं ऐकू येईनाशी झाली. हे फक्त मला माहीत. मला शिकवायच्या निमित्ताने तिने दुसरा हेडफोन जोडून घेतला. मी समोर बसून ऐकायची आणि माईक बिघडलेला असला की टेबलाखाली तिच्या पायावर पाय दाबायची. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला, घर त्या खुर्चीवर चाललेलं.

चिंगमिंगच्या, पितरांच्या सणाला मी बापाच्या थडग्यावरचं गवत काढायला तीन दिवस गावी गेले. माल घाईचा होता. ताई एकटीच बसली आणि सगळ्यांवर लाल ठिपका देत गेली. पावणेदोन महिन्यांनी सहाशे माईक समुद्र ओलांडून परत आले.

शेठ ओरडला नाही. केस वाळवायच्या यंत्राने सोनेरी नावं सोलायला लावली आणि दुसरंच नाव छापून आणलं. "नाव बदललं की आजार बरा," तो म्हणाला. मग मला ऑफिसात बोलावलं.

"मुई, उद्या मी तिचा कान तपासणार. चुकली तर खुर्ची तुझी. आणि तू मध्ये तोंड घालायचं नाहीस, समजलं?"

तोंड म्हणाला तो. पायाचं त्याला ठाऊक नव्हतं.

सकाळी त्याने पाच उघडे माईक टेबलावर मांडले. "यातला एक बिघडलाय. कुठला ते सांगा, बाई. मुई, तूही ऐक."

ताईने पहिला उचलला. "जेवलीस का?" स्वच्छ. दुसराही स्वच्छ. तिसऱ्यात माझ्या कानात तेल तापल्यासारखी सूं सूं उठली. टेबलाखाली तिने चप्पल काढली होती. तिचा गार पाय माझ्या पायाला येऊन टेकला आणि तिथेच थांबला.

मी पाय खुर्चीखाली ओढून घेतला.

तिने तिसरा खाली ठेवला. चौथा घेतला, पाचवा घेतला. पाचव्यात "जेवलीस का?" म्हणताना तिचा आवाज कापला. ती त्यालाच बोट लावून म्हणाली, "हा."

"बाई, खोकी दुमडायला माणूस हवंच आहे," शेठ म्हणाला.

"खोकी दुमडायला कान लागत नाहीत, नाही का?" ती हसली. मग माझ्याकडे वळली. "मुई, हेडफोनचा डावा कान सैल आहे. वर ओढून बसत जा." चप्पल पायाने चाचपत तिने घातली आणि निघाली. खोकी दुमडायला ती आलीच नाही.

आता खुर्चीवर मी आहे. दिवसभर विचारत असते, जेवलीस का, जेवलीस का.

गेल्या आठवड्यात ती बाजारात दिसली. जमिनीवर गोणपाट टाकून काटेरी कडू पाला विकत होती. जुड्या बांधून बोटं रक्ताळलेली.

"हौताई, जेवलीस का?"

तिने वर पाहिलं. मी पुन्हा विचारलं, मोठ्याने. शेजारची मासेवाली वळली. ताई माझ्या ओठांकडे बघत राहिली. मग तिची नजर सावकाश खाली उतरली, माझ्या पायांवर, आणि तिथून हलेना.

मी एक जुडी घेतली. घरी कुणीच ती खाल्ली नाही.