थर नसलेला वाघ

मी भित्री आहे, हे सांगायला मला लाज वाटत नाही. आमचं गाव गोंडपिपरीच्या पुढे, जंगलाला टेकून आहे. इथं ज्याला भीती वाटत नाही तो एक तर थापा मारतो, नाही तर नवीन आलेला असतो. मोबाइलवरच्या बंदुकांच्या खेळात मात्र मी कुणाला ऐकत नाही. माझा चुलतभाऊ आमच्या टीमचा कप्तान. मी त्याच्यापेक्षा मोठी, म्हणून तो मला बाई म्हणतो आणि खेळात बिनदिक्कत पुढे ढकलतो.

टीमची चित्रं मी काढायचे. चिन्ह, बॅनर, स्पर्धेचं पोस्टर. जुन्या लॅपटॉपवर चित्रं काढायचं एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं होतं. त्यात चित्र थराथरांनी रचायचं: खाली आभाळ, त्यावर झाड, त्यावर वाघ. नको तो थर एका टिचकीत बंद करता येतो. बॅनरसाठी मी आमच्याच मोहाच्या झाडाचा फोटो खाली ठेवून गिरवत बसले होते. इथं कुठल्या घराचं कुठलं मोहाचं झाड हे ठरलेलं असतं. आमच्या झाडाला खालीच दोन फांद्या फुटतात आणि डावीला हाताच्या कोपरासारखा बाक आहे. तो बाक काही केल्या मला जमेना.

"बाई, तुह्या वाघाले अजून शेपूट नाई फुटली," भाऊ म्हणाला. "मी एका मिनिटात बनवून आणतो."

"आण. मंग खेळात बी त्यालेच पुढं पाठव," मी म्हणाले.

त्यानं आणलाच. एआयला आमच्या तलावाचा फोटो दिला, दोन ओळी सांगितल्या, आणि तलावाच्या काठावर पाणी पिणारा वाघ हजर झाला. मिशीचा केस न् केस दिसत होता. मी फोन पालथा ठेवला, कारण त्याच्यामागे आमच्याच गावाचं देऊळ होतं. टीमच्या ग्रुपवर वाहवा झाली. मग कुणीतरी वरची स्पर्धेची अक्षरं कापली आणि चित्र गावाच्या ग्रुपवर गेलं.

मोहाचा हंगाम होता. बाया पहाटे झाडाखाली वाकून फुलं वेचतात, आणि वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. चित्र खरा फोटो समजून सगळ्यांनी जाणं बंद केलं. पडलेली फुलं गुरांनी आणि हरणांनी खाल्ली. शेवटी भावानं ग्रामपंचायतीसमोर उभं राहून खरं काय ते सांगितलं. आधी शिव्या पडल्या, मग लोक हसायला लागले. पुढे तर सगळेच एकमेकांना वाघ बनवून पाठवू लागले. चहाच्या टपरीवर वाघ, सरपंचाच्या खुर्चीत वाघ.

लोक हसत होते आणि मला झोप लागत नव्हती. घाबरायची सवय मोडली तर आमच्या गावात माणसाचं काही खरं नाही. हे मी आईला सांगून पाहिलं.

"तुमच्या त्या वाघापायी माहा मोह ढोरायनं खाल्ला," ती म्हणाली. "आता मले नोको शिकवू."

एका पहाटे आई टोपली घेऊन निघून गेली आणि थोड्याच वेळात फोन वाजू लागला. वनखात्याच्या बीटगार्डनं गावाच्या ग्रुपवर फोटो टाकला होता, जंगलात बांधलेल्या कॅमेऱ्यातला, रात्रीचा. करडा, धुरकट, त्यात वाघ अर्धाच आलेला. खाली लिहिलं होतं, मोहाला कुणीही जाऊ नका. आणि त्याखाली हसणारे चेहरे धडाधड पडत होते. "हा बी गेमवाल्यायचाच," कुणीतरी लिहिलं. "याचे तं पायच बनोले नाई."

मी वाघाकडे नीट बघितलंच नाही. वाघाच्या मागे झाड होतं. खालीच फुटलेल्या दोन फांद्या, आणि डावीला कोपरासारखा बाक. तो बाक मी इतक्यांदा पुसून काढला होता की त्याच्याबद्दल माझी चूक होणं शक्य नव्हतं. आईला फोन लावला तर तो घरातच, फळीवर वाजला.

मी शेजारी धावले आणि भावाला उठवलं. फोटो बघून त्याचा चेहरा उतरला.

"हा माहा नाई, बाई."

आम्ही वाटेतली दारं वाजवली. "अजून एक बनोला काय?" म्हणून लोक पुन्हा आत गेले. मग आम्ही दोघंच निघालो, तो तेलाचा रिकामा डबा बडवत आणि मी आईला हाका मारत. एक हाक संपायच्या आत मी दुसरी मारत होते. मध्ये थांबले आणि उत्तर आलं नाही तर काय, याचीच मला भीती होती.

झाडाखाली टोपली होती, अर्धी भरलेली. आई नव्हती. भावाचा हात डब्यावरच थांबला. मी आणखी मोठ्यानं हाक मारली.

ती नाल्याकडून आली, पदराला हात पुसत. "काऊन बोंबलून राह्यले? मेलं का कोणी?"

मी तिला फोटो दाखवला. आणखी एक तुमचाच, अशी तिनं मान हलवली आणि वेचायला बसली. जमिनीवर वाघाच्या पावलांचा काही माग असेलच तर तिनं वेचायच्या आधी खराट्यानं झाडून टाकला होता. टोपली भरेपर्यंत ती तिथून हलली नाही. आम्ही दोघं पाठीला पाठ लावून उभे राहिलो. पाचोळा वाजला की भाऊ डबा बडवायचा.

परतताना भाऊ हळू आवाजात म्हणाला, "आता चित्रं तूच काढ, बाई. कितीबी दिवस लागू दे."

घरी मी आईला लॅपटॉपसमोर बसवलं. आधी माझा बॅनर उघडला. पट्ट्यांचा थर बंद केला, पट्टे गेले. वाघाचा बंद केला, वाघ गेला, झाड उरलं. हे मी काढलेलं आहे म्हणून असं सुटं होतं, असं तिला सांगितलं. मग बीटगार्डचा फोटो उघडला. त्यात वाघाचा वेगळा थरच नव्हता, हे दाखवलं. ती बराच वेळ पुढे वाकून बघत राहिली. मला वाटलं, आता पटलं.

"झाड तं एकदम आपल्यासारखंच काहाडलं तूनं," ती म्हणाली. "आता याच्यातला बी वाघ काहाडून टाक."

"हा निघत नाई, आई."

"शिकशीन," ती म्हणाली, आणि उद्यासाठी टोपली झटकून दाराशी ठेवली.