ती मागून जेवते

आमच्या घरात आजवर कोणी हवापालटाला म्हणून कुठं गेलं नव्हतं. गेलो ते लग्नाला, मयतीला, नाहीतर दवाखान्यात. त्यामुळे माझ्या भावानं कोकणातल्या समुद्राकाठच्या एका रिसॉर्टचे फोटो मोबाइलवर दाखवले, तेव्हा अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, पहिला प्रश्न विचारला, "तिथं कोन वारलंय?"

कोणी वारलं नव्हतं. हा घाट मी घातला होता. मी बीडला नोकरी करते आणि आमचं घर माजलगावकडं, धरणाच्या पाण्यावरच्या ऊसपट्ट्यात. सुट्टीला घरी गेलं की आई मला स्वयंपाकघरातच भेटायची, आणि बोलायची तेही तव्याकडे बघत. मला तिचं तोंड तीन दिवस समोरून बघायचं होतं, हातात उलथनं नसताना. एवढीच माझी इच्छा. पण तेवढ्यावरून घरात महिनाभर भांडणं झाली.

त्याचं असं झालं, की रिसॉर्टवाल्यांनी दोन पर्याय दिले होते. एक, नुसती खोली. दुसरा, खोली आणि नाश्ता-जेवण एकत्र, पण जेवणाचे पैसे आधीच भरायचे. आईनं दोन्ही नीट ऐकून घेतले आणि निकाल देऊन टाकला.

"नुसती खोलीच घ्या. ज्वारीचं पीठ घेते, ती छोटी शेगडी घेते. तिथं बसल्या बसल्या मला दुसरं काय काम हाय?"

माझ्या डोळ्यांसमोर समुद्र आला, आणि त्याच्याकडे पाठ करून भाकरी थापणारी आई आली. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "जेवणासकट घ्यायचं. शेगडी येणार असेल तर मी येणार नाही."

भाऊ म्हणाला, "आधीच पैसे भरले की मानूस बांधल्या जातो. उद्या बाहेर चांगला ढाबा दिसला तर नुसतं बघत बसायचं का?" वहिनीचं दुखणं वेगळं. ती वजन कमी करत होती. "मी रात्री फक्त काकडी खाते. काकडीला पूर्ण जेवणाचे पैसे का म्हणून?" आम्ही तिघं ओसरीवर भांडत होतो आणि आई आतून आम्हाला चहा पाठवत होती. भांडण लांबलं की चहा पुन्हा यायचा.

शेवटी प्रकरण अण्णांकडे गेलं. अण्णा जन्मभर ऊसतोड टोळीचे मुकादम. हंगामाआधी तोडणीवाल्यांना जी आगाऊ रक्कम द्यायची, तिला आमच्याकडे उचल म्हणतात. उचल घेतलेला माणूस हंगामाला फिरकलाच नाही तर काय होतं, हे अण्णांनी इतक्या वेळा भोगलंय, की ते अजूनही झोपेत लोकांना हाका मारतात. त्यांनी सगळं ऐकलं, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "म्हंजी आपून रिसॉर्टाला उचल द्यायची."

"हो, तसंच समजा," मी म्हटलं. इथं मी गप्प बसायला हवं होतं.

अण्णांनी लगेच फोन लावला. त्यांचा फोन कायम स्पीकरवर असतो, कारण त्यांच्या मते कानाला लावून बोलतो तो काहीतरी लपवतो. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती.

"तुमचा जामीन कोन?" अण्णांनी विचारलं.

"कोण, सर?"

"जामीन. उचल घिऊन तुमी पळून गेलात, तर आमी धरायचं कोनाला?"

"सर, आम्ही रिसॉर्ट आहोत. आम्ही कुठे पळणार?"

"आमचे बी असंच म्हनायचे," अण्णा म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

पण त्या मुलीचा आवाज त्यांना आवडला असावा, कारण त्यांनी नाही म्हटलं नाही. फक्त एक अट घातली. कोयता चालवून दाखवल्याशिवाय त्यांनी कधी कोणाला टोळीत घेतलं नव्हतं. "आधी बघू, आपल्याला ते झेपतंय का," ते म्हणाले. "येत्या आयतवारी घरीच बफे करून बघायचा."

आता यातली गंमत बघा. आईला स्वयंपाकातून सुट्टी द्यावी की नाही, हे ठरवायला आईनंच पहाटेपासून स्वयंपाक केला. भरली वांगी, पिठलं, वरण, भात, धपाटे, भाकरी, शेंगदाण्याची चटणी, शिरा, कढी. वहिनी मदतीला होती, पण तिला मधूनमधून काकडी खायची असायची. मी आईला म्हटलं, "अगं, कशासाठी एवढं?" ती म्हणाली, "तिथं लई पदार्थ असत्यात म्हणं. कमी केले तर तुमाला कळंल कसं?"

ओसरीवर टेबल मांडून सगळी भांडी झाकणांसकट ओळीनं ठेवली. भावानं नियम सांगितले: ताट घ्यायचं, रांगेत यायचं, हवं ते आपल्या हातानं घ्यायचं. अण्णा ताट घेऊन पहिल्या पातेल्यासमोर उभे राहिले. उभेच राहिले.

"वाढा की," ते म्हणाले.

"अण्णा, आपल्या हातानं घ्यायचं."

"सोताच्या घरात सोताच्याच हातानं?" ते खरोखर दुखावले होते. मग झाकण उघडं असलेला भात तेवढा त्यांनी घेतला आणि कोरडाच खाल्ला. बाकीची झाकणं आपण उचलायची असतात, हे त्यांना शेवटपर्यंत सुचलं नाही. भावानं मात्र दोन्ही वेळचं एकदमच उरकलं आणि खाटेवर आडवा झाला. आई पळी घेऊन आमच्या मागं मागं फिरत होती. "आई, बफेत आग्रह नसतो," मी ओरडले.

"मग लोकं जेवत्यात कसं?" ती म्हणाली.

"तू पण ताट घे ना आता."

"जेवा तुमी. मी मागून बसते."

हे वाक्य मी जन्मापासून ऐकत आलेय. आमच्याकडे मागून म्हणजे नंतर, सगळ्यांचं झाल्यावर. आम्ही हात धुतले तेव्हा ती आत पातेली कलती करून, तळाचं निपटून घेत एकटीच जेवत होती. बाहेर अण्णांनी भाताच्या जोरावर निकाल दिला, "झेपतंय. उचल द्या."

मी जिंकले होते. आनंदानं माझा पाय जमिनीवर ठरेना. दुसऱ्या दिवशी अण्णांनी पुन्हा स्पीकरवर फोन लावला आणि आम्ही सगळे भोवती बसून ऐकत होतो.

"एकूण किती जण, सर?"

"पाच."

"पाचही जणांचं जेवण पॅकेजमध्ये लावू ना?"

"चौघांचं लावा," अण्णा म्हणाले. "आमच्या हिचं नगा लावू. ती मागून जेवती."

"मागून? बरं सर, तसं लिहून घेते."

आमच्यापैकी कोणालाही त्यात काही खटकलं नाही. इतकं खरं वाक्य आमच्या घरात दुसरं नव्हतं.

निघायच्या दिवशी आई फार शहाण्यासारखी वागली. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. पाटोद्याला चहाला थांबलो तेव्हा डिकीतून घोंगडी काढायला गेले, तर तिच्या नऊवारी लुगड्यांच्या घडीत काहीतरी कडक लागलं. शेगडी! पिटुकल्या सिलिंडरसकट! मी ती तशीच उचलली आणि चहावाल्याकडे ठेवून आले, येताना नेतो म्हणून. जामखेड ओलांडेपर्यंत आईनं खिडकीबाहेर बघितलं आणि मग हळूच म्हणाली, "आता रातच्याला कोनाला भूक लागली तर?"

"तिथं सगळं मिळतं, आई."

"मिळतं गं. पर गरम कोन करून देनार?"

रिसॉर्टवर पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. काउंटरवर तीच गोड आवाजाची मुलगी होती. जेवण लावलेल्या पाहुण्यांच्या मनगटाला ती निळा कागदी पट्टा बांधत होती. अण्णांना बांधला. भावाला, वहिनीला, मला बांधला. आईनं हात पुढे केला, बांगड्या मागे सारल्या, आणि मुलगी म्हणाली, "काकू, तुमचं पॅकेजमध्ये नाहीये."

आईनं हात मागे घेतला, इतक्या पटकन की मला रडूच आलं. अण्णांचा मात्र मुकादम जागा झाला.

"न्हाई म्हंजी? उचल दिलीया आमी!"

"सर, तुम्हीच फोनवर सांगितलंत. काकू मागून जेवतात. म्हणजे मेनूकार्ड बघून, वेगळं मागून घेणार. मी तसंच लिहिलंय."

"आवो, मागून म्हंजी मागनं! नंतर!"

"नंतरला आम्ही मागाहून म्हणतो, सर."

"तुमी काय बी म्हना. ती आमचं झाल्यावर जेवती."

"तुमचं झाल्यावर?" मुलीला खरंच समजत नव्हतं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, नुसता प्रश्न होता. "का?"

अण्णांनी तोंड उघडलं. टोळ्या हाकलेला माणूस, कारखान्याच्या साहेबाला न डरणारा. "कावून म्हंजी..." ते म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. मग भावाकडे, मग वहिनीकडे. "मागून म्हंजी मागून," ते शेवटी पुटपुटले.

मुलगी म्हणाली, उद्यापासून काकूंचं जेवणही लावते, पण आजचा आकडा स्वयंपाकघरात गेलाय. आज त्यांनी मागवून घ्यावं. आम्ही चौघं ताटं घेऊन रांगेत उभे राहिलो आणि आई एकटी टेबलाशी बसली, खुर्चीच्या अगदी कडेवर. जन्मात पहिल्यांदा ती जेवणाच्या जागी आमच्या आधी बसली होती. माझा जीव रांगेत लागेना. मी भात घेतला न घेतला आणि परत आले, तर वेटर तिच्यापुढे मेनूकार्ड धरून उभा होता.

"काकू, काय घेणार?"

आईनं कार्ड उलटं, सुलटं करून पाहिलं, मिटलं आणि टेबलावर ठेवलं. मग त्याच्याकडे वाकून, आमच्या स्वयंपाकघरात विचारते त्याच आवाजात तिनं विचारलं, "काय उरलंय?"

"उरलंय?" वेटर गोंधळला. "काकू, अजून तुमच्यासाठी काही केलंच नाहीये. तुम्ही सांगाल ते करायचंय."

आईनं मिटलेलं कार्ड पुन्हा सरळ करून ठेवलं. मला वाटलं ती उठून जाईल. त्या वेटरच्या पाया पडावं की त्याला तिथून घालवावं हे मला कळत नव्हतं. तेवढ्यात अण्णा आले. या वेळी त्यांनी एकूण एक झाकण उघडलं होतं. ताटात पनीरवर गुलाबजाम आणि गुलाबजामवर पापड होता. ते बसणार, तोच आई म्हणाली, "वांग्याचं भरीत करता का?"

"करतो की."

"मग करा. पर कच्चा कांदा नका घालू."

अण्णा ताट धरून तसेच उभे राहिले. "कावून? भरतात कांदा लागतो."

"तुमाला लागतो. मला न्हाई आवडत."

"तुला कांदा आवडत न्हाई?"

"कच्चा न्हाई आवडत."

"कवापासून?"

"पहिल्यापासून."

अण्णा खाली बसले. भाऊ जेवत होता, वहिनी काकडी चावत होती, पण अण्णा ताटाला हात लावेनात. आजवर खाल्लेली सगळी भरतं ते एकामागून एक आठवत असावेत. "थोरलीच्या बारशाला?" त्यांनी मधेच विचारलं.

"त्यात बी व्हता कांदा," आई म्हणाली. "मी वेचून काढून खाल्लं."

थोरली म्हणजे मी. माझ्या बारशाच्या दिवशी आई कांदा वेचत बसली होती, हे मला त्या दिवशी कळलं.

मग तिचं ताट आलं. एकच वाटी, वर कोथिंबीर, आणि तांदळाची भाकरी, वाफ निघणारी. ज्वारीची नाही म्हणून वेटर माफी मागत होता. आईनं भाकरीवर बोट टेकवलं आणि चटकन मागे घेतलं. "लई गरम हाय," ती मला म्हणाली आणि हसली. समोरून, माझ्याकडे बघत. त्यासाठी तर मी महिनाभर भांडले होते.

अण्णांनीही अखेर घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"गार झालंय समदं."

आई उठली. म्हणजे अर्धी उठली. एक हात टेबलावर, एक गुडघ्यावर, आणि डोळे शेगडी शोधत होते. शेगडी पाटोद्याला होती. मी तिचा पदर धरायला हात पुढे केला, पण त्याची गरज पडली नाही. ती आपली आपणच खाली बसली, भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर फुंकर घातली.

"मग मागून घ्या की," ती अण्णांना म्हणाली, आणि जेवायला लागली.