सोबतीला सिंधुकाकू

नायगावजवळच्या त्या गावात कुणा बाईची गर्भाची पिशवी काढायची ठरली, की दवाखान्याच्या आधी सिंधुकाकूला विचारलं जाई. नांदेडला सोबत येशील का? काकू कधी नाही म्हणत नसे. कागद कुठल्या खिडकीवर द्यायचे, कुठला गाऊन टाक्यांना टोचत नाही, परतीच्या एसटीत कुठल्या सीटवर हादरे कमी बसतात, सगळं तिला तोंडपाठ. खोकताना पोटावर उशी दाबून धरायची, हे नर्सच्या आधी तीच सांगे. बायका म्हणायच्या, माहेरच्या माणसानंही एवढं केलं नसतं. खरंच होतं ते. जीव लावून करायची.

तिची स्वतःची पिशवी पंचविसाव्या वर्षीच काढलेली. अंगावरून पांढरं जात होतं. डॉक्टरनं सोनोग्राफीच्या काळ्या कागदावर बोट ठेवून सांगितलं, पुढं कॅन्सर होईल. सासू म्हणाली, दोन लेकरं झाली, आता ठेवून काय करायचंय? काढ अन् मोकळी हो. मोकळी हा शब्द त्या भागात बायकांच्या कानाला फार गोड लागतो. पाळी गेली, बाजूला बसणं गेलं, कामातला खाडा गेला. दोन-तीन महिने काकूला खरंच मोकळं वाटलं.

मग अंगात आग उठायला लागली. ऐन थंडीत ती पदरानं वारा घेत उभी असायची. कंबर, गुडघे, टाचा, काही धड राहिलं नाही. एकदा बसलं की उठवत नसे, म्हणून ती बसायचीच नाही. दारातून अंगणात, अंगणातून दारात, हातात काहीतरी काम. गाव कौतुक करी, सिंधु बूड टेकत नाही, काय उरक आहे बाईला! नवरा भागवत तेवढा वैतागायचा. "घडीभर बस की गं, मलाच गरगरायलंय!"

आठ वर्षांपूर्वी नांदेडला हाडांच्या तपासणीचं शिबिर होतं. तिथल्या तरुण डॉक्टरणीनं रिपोर्ट पाहून वय विचारलं, मग पुन्हा विचारलं. "पिशवीबरोबर अंडाशयंही काढलीत तुमची. तुम्ही छत्तीसच्या, हाडं साठीतल्या बाईची झालीत. पांढऱ्या पाण्याला नुसत्या गोळ्या पुरल्या असत्या हो." काकू "हाव" म्हणाली, कॅल्शियमची पाकिटं पिशवीत टाकली आणि घरी येऊन कुणापाशी अवाक्षर काढलं नाही. त्यानंतरही तिनं चार बायकांना सोबत केली. ऐकणाऱ्याला इथं तिचा राग येतो. यायलाच हवा.

गेल्या हिवाळ्यात भोकरला दिलेल्या लेकीचा, पुनमचा, फोन आला. पुनम पंचवीस वर्षांची, दोन लेकरांची आई. "आई, सोमवारी नांदेडला मही पिशवी काढायचीय. सासूबाई म्हणल्या, तुही माय येईलच, तिच्यावानी सोबत कुणाची?"

"कामून? काय झालं?"

"पांढरं जातंय. तुला जायचं तसंच."

काकूनं फोन ठेवला आणि झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं. चार दिवस तिला चैन नव्हतं. तीनदा पुनमला फोन लावला आणि उचलायच्या आत बंद केला. लेकीला सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार, आणि गावातल्या बायकांना मग काय तोंड दाखवायचं? न सांगावं तर पोर तिशीच्या आत म्हातारी होणार.

सोमवारी नांदेडला निघाली तेव्हा शेजारची मंजुश्रीही बरोबर होती. वाण्याच्या दुकानातली ही लिंगायत सून काकूला अक्का म्हणायची. पुनमला जिथं नेलं होतं त्याच दवाखान्यात पाच वर्षांपूर्वी काकूनंच तिला पिशवी काढायला आणलं होतं. आता तिची कंबर राहून राहून धरत होती. त्याच डॉक्टरला गोळ्या विचारायच्या होत्या.

पुनम गाऊन घालून बाकावर बसली होती, शेजारी विहीणबाई थर्मास घेऊन. काकू तिथल्या बोळात येरझाऱ्या घालत राहिली. नर्स संमतीचा कागद घेऊन आली. "पेशंटची आई कोण? इथं सही करा."

"पिशवी काढायची न्हाई," काकू म्हणाली.

विहीणबाई ताडकन उठल्या. "आता म्हणता? गावभर तर तुम्हीच बायका आणल्या!"

"हाव, मीच आणल्या." मग तिनं उभ्याउभ्या सगळं सांगितलं. अंगातली आग, न येणारी झोप, हाडं, ती डॉक्टरीण आणि तिनं सांगितलेल्या गोळ्या. आवाज इतका चढला, की खिडकीवरच्या बायका वळून बघायला लागल्या. "आधी सरकारीत दाखवू, गोळ्या घेऊन बघू. मह्या लेकीला मी हात लावू देणार न्हाई!"

पुनम आईकडे बघत राहिली. "लहानपणी तू कधी मह्याजवळ बसली न्हाईस. मला वाटायचं, तू मह्यावरच चिडून राहिलीस," ती म्हणाली, आणि उठून साडी नेसायला गेली. विहीणबाईंनी तोंड फिरवलं, पण थर्मास पिशवीत भरला.

मंजुश्री भिंतीला टेकून हे सगळं ऐकत होती.

"अक्का, तुमाला हे कवा कळालं?"

खोटं बोलता आलं असतं. पहिल्या बायकांच्या वेळी तिला खरंच माहीत नव्हतं, तेवढं सांगितलं तरी भागलं असतं. "आठ वर्षं झाली," काकू म्हणाली.

"मला तर पाच वर्षांखाली आणलं तुमी."

"हाव."

"मग कामून आणलं?"

काकूला रडू फुटलं. "मला एकलीलाच असं होऊन राहिलं, हे मला सोसंना गं मंजू."

कमरेवर हात ठेवून मंजुश्री डॉक्टरच्या खोलीच्या दारापाशी गेली आणि आपल्या नंबराची वाट बघत उभी राहिली.