निघाला
ऑफिसात कुणी हाताला सॅनिटायझर चोळलं की मला आखातातल्या त्या हॉस्पिटलचं शवागार आठवतं. तिथे नोकरीला असताना अडचणीतल्या मराठी माणसांना मदत करणाऱ्या गटात मी नाव दिलं होतं. इंग्रजी कागदपत्रं बघायची, एवढंच माझं काम. त्या दिवशी दुसरं कुणी मोकळं नव्हतं, म्हणून साइटवर उंचावरून पडून वारलेल्या घाटकोपरच्या एका वेल्डरसाठी मला पाठवलं. कागदपत्रांमुळे त्याचा देह घरी पाठवायला अजून बरेच दिवस लागणार होते. शवागारात त्याच्याजवळ उभी राहूनच मी ते त्याच्या आईला फोनवर सांगितलं, तशा त्या म्हणाल्या, "फोन त्याच्या कानाक लाव गो." "काकी, आता त्याला..." "माका ठावक आसा. तू लाव." मी स्पीकर सुरू करून फोन धरला. "बाबू, थंय रव नको, घराक ये. रजा गावणा नाय म्हणायचंस ना, आता कोण अडवता तुका?" बराच वेळ त्या त्याला तशाच बोलावत होत्या. माझी बोटं गारठली, रडू मात्र आलं नाही. मग त्यांनी मला विचारलं, "निघालो काय गो?" मी पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि म्हटलं, "हो काकी, निघाला." आता मी मुलुंडला परत आलेय. काकींचं घर इथून फार लांब नाही. तो पोहोचला का, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही.